कमी उंचीची सुटसुटीत कॅमेरा ट्रॉली: बांधणी, ट्रॅकची मांडणी आणि प्रत्यक्ष चित्रीकरण

मराठवाड्यात लघुपट, मालिका, माहितीपट किंवा जाहिराती करणाऱ्या छोट्या युनिटला मोठी ट्रॉली, म्हणजे कॅमेरा सरकवत चित्रीकरण करण्याचा चाकांचा गाडा, मागवणे सहसा परवडत नाही. पुण्या-मुंबईहून ती आणायची म्हणजे भाडे, गाडी आणि सोबत येणारी माणसे असा तिहेरी खर्च येतो. शिवाय वाड्याच्या ओसरीवर, ज्वारीच्या दोन ओळींमध्ये किंवा किल्ल्याच्या अरुंद वाटेवर ती अवजड ट्रॉली बसत नाही ते वेगळेच. त्यामुळे लाकडी पाटा, स्केटची चाके आणि रुळांसारख्या दोन नळ्या एवढ्यावर चालणारी बुटकी ट्रॉली हाच या भागातला व्यवहार्य पर्याय ठरतो. ती कशी बांधावी, ट्रॅक कसा मांडावा आणि शॉट कसा घ्यावा, हे या लेखात क्रमाने दिले आहे. वाचताना एक गोष्ट लक्षात येईल, की पाट्यापेक्षा ट्रॅकविषयी कितीतरी अधिक लिहिले आहे. त्याचे कारण सरळ आहे: शॉटमधला हादरा दहापैकी नऊ वेळा जमिनीतून आणि नळीतून येतो, पाट्यातून येत नाही. पैसा आणि वेळ दोन्ही मोजकेच असतील, तर ते आधी नळ्या, स्लीपर (नळ्यांखालच्या आडव्या पट्ट्या) आणि पाचरी यांच्यावर खर्च करावेत.

आधी उंचीचा हिशेब

ट्रॉली बुटकी असण्याचा अर्थ भिंगाच्या उंचीवरून ठरतो. जमिनीवर २.५ सेंमी जाडीचा स्लीपर, त्यावर ४.८ सेंमी व्यासाची नळी आणि नळीच्या माथ्यापासून पाट्याच्या वरच्या पृष्ठापर्यंत सुमारे ७ सेंमी धरले, तर पाटा जमिनीपासून १४ ते १५ सेंमी उंचीवर येतो. त्यावर हाय-हॅट (ट्रायपॉडऐवजीची बुटकी बैठक), फ्लुइड हेड (कॅमेरा सावकाश वळवणारा भाग) आणि कॅमेरा ठेवल्यावर भिंग साधारण ४५ ते ५० सेंमीवर पोहोचते. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या छातीच्या आसपासची ही उंची झाली. पंगत, भजनाची बैठक, चुलीपुढे बसलेली बाई किंवा रांगणारे मूल यांच्यासाठी ती पुरेशी आहे. त्याहूनही खाली जायचे असेल तर हाय-हॅट वगळून ७५ किंवा १०० मिमीचा बाऊल (हेड ज्यात बसते ती वाटी) थेट पाट्यात भोक पाडून बसवावा, म्हणजे दहा-बारा सेंमी सहज वाचतात.

बुटकेपणाचा दुसरा फायदा स्थैर्याचा आहे. ट्रॅकची रुंदी ६२ सेंमी असेल आणि सामानाचा गुरुत्वमध्य ६० सेंमीवर असेल, तर ट्रॉली कलंडण्यासाठी सुमारे २७ अंशांचा कल लागतो. त्याच पाट्यावर उंच ट्रायपॉड ठेवून गुरुत्वमध्य १५० सेंमीवर नेला, तर १२ अंशही पुरतात. रुंदी ४५ सेंमी केली, तर हेच आकडे अनुक्रमे साडेवीस आणि साडेआठ अंशांवर येतात. म्हणून ही ट्रॉली उभ्या ट्रायपॉडसाठी वापरायचीच असेल, तर ट्रॅक अरुंद करू नये, आणि अरुंद ट्रॅकवर उभा ट्रायपॉड ठेवू नये. ६२ सेंमीची रुंदी धरण्यामागे आणखी एक सोय आहे. युरोपीय बनावटीच्या अनेक ट्रॅकची हीच रुंदी असते, त्यामुळे वेळ पडल्यास भाड्याचा ट्रॅकही आपल्या पाट्याखाली घालता येतो.

नळीची निवड

सुरुवातीला बहुतेक जण बोअरवेलच्या किंवा प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाईप आणतात, कारण तो स्वस्त, हलका आणि गुळगुळीत असतो. तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दोन आधारांमध्ये १ मीटर अंतर ठेवून मध्यावर २० किलोचा भार दिला, तर ४८ मिमी व्यासाची आणि ३.२ मिमी जाडीची पोलादी नळी जेमतेम ०.२ मिमी वाकते. जवळपास तेवढ्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी अर्धा मिमी वाकते. पीव्हीसीची नळी मात्र १० मिमीहून अधिक झोळ देते. त्यात आपल्याकडचे ऊन मिसळले की अडचण वाढते. तापमान २० अंशांनी वाढले, तर ३ मीटरचा पीव्हीसी पाईप सुमारे ४ मिमी लांबतो. पोलाद एका मिमीपेक्षाही कमी लांबते. मे महिन्यात सकाळी सरळ मांडलेला पीव्हीसी ट्रॅक दुपारी जोडांपाशी फुगून नागमोडी होतो, तो यामुळेच.

पोलाद घ्यावे की ॲल्युमिनियम, हे वाहतुकीवर ठरवावे. ४८ मिमीची पोलादी नळी मीटरला साधारण साडेतीन किलो भरते, म्हणजे ३ मीटरच्या ट्रॅकच्या दोन नळ्या २१ किलोच्या आसपास जातात. तेवढ्याच लांबीच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या सुमारे ७ किलोच्या होतात. सामान छोट्या टेम्पोतून जाणार असेल तर पोलाद चालेल. बालेकिल्ल्यापर्यंत डोक्यावरून न्यायचे असेल, तर ॲल्युमिनियमला पर्याय नाही. जालन्यात पोलादाचा मोठा उद्योग आहे, आणि वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नळी कापून, सरळ करून देणारे कारागीर सहज सापडतात. दुकानात नळी निवडताना ती सपाट फरशीवर हाताने लोळवून पाहावी. वाकडी नळी एका जागी थबकते आणि पुन्हा पुढे पडते. सरळ नळी एकसारखी लोळत जाते.

नळ्यांचे दीड-दीड मीटरचे तुकडे करावेत, म्हणजे ते जीपच्या मागच्या भागात आडवे बसतात. जोडासाठी आतून घट्ट बसणारी सुमारे २० सेंमी लांबीची जोडनळी लेथवर करून घ्यावी, जिचा निम्मा भाग एका तुकड्यात कायमचा बसवलेला असेल. नळीची टोके लेथवरच काटकोनात कापून घ्यावीत, करवतीने घरी कापू नयेत. टोकाची बाहेरची धार बारीक कानशीने किंचित मारावी, मात्र जास्त मारू नये. जास्त घासलेली धार जोडावर खाच तयार करते आणि चाक तिथे टक असा आवाज करते.

पाटा आणि चाके

पाट्यासाठी १८ मिमीचे चांगल्या प्रतीचे वॉटरप्रूफ प्लायवूड वापरावे. ७० बाय ६० सेंमीचा तुकडा सुमारे ५ किलोचा होतो. त्याच्या कडांना वार्निशचे दोन हात द्यावेत, कारण पावसाळी दमट हवेत प्लायच्या कडा फुगतात आणि पाटा पीळ घेतो.

चाकांच्या बाबतीत सर्वांत सामान्य रचना म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर दोन, अशी एकूण आठ चाके. ती चालते, परंतु ट्रॅकच्या प्रत्येक जोडावर हादरा देते. त्यापेक्षा प्रत्येक कोपऱ्यावर चार चाकांची एक लहान बोगी करून एकूण १६ चाके बसवावीत. बोगी मध्यावरच्या एका बोल्टवर फिरती आणि किंचित डोलती असेल, तर एक चाक जोडावरून जात असताना उरलेली चाके भार धरून ठेवतात. हीच फिरती बोगी असल्यास पुढे कधी गोल ट्रॅकवरही ट्रॉली चालवता येते.

बोगीसाठी ५० × ५० × ५ मिमीच्या अँगलचा (काटकोनी लोखंडी पट्टीचा) सुमारे २२ सेंमीचा तुकडा घ्यावा. अँगलची टोकदार कड खाली, नळीच्या अगदी वर येईल अशी धरावी आणि त्याच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना चाके बसवावीत. असे केल्याने चाके नळीला डावीकडून आणि उजवीकडून ४५ अंशांत टेकतात. चाकाच्या बोल्टचे छिद्र या टोकदार कडेपासून साधारण ३० मिमीवर येते. तरीही आधी एकच बोगी करून नळीवर ठेवून पाहावी आणि मगच उरलेल्या तिघींची छिद्रे पाडावीत, कारण चाकाच्या रुंदीप्रमाणे हे माप दोन-तीन मिमी सरकते. अँगलच्या वरच्या उघड्या बाजूवर ६ मिमी जाडीची पट्टी फक्त मधल्या ८ सेंमीवर वेल्ड करावी, म्हणजे टोकांकडून आत हात घालून बोल्ट आवळता येतात. पूर्ण लांबीची पट्टी लावली, तर नंतर एकही चाक बदलता येत नाही. वेल्डिंगवाल्याला सलग वेल्ड ओढू न देता आधी चारही ठिकाणी टॅक (ठिपक्याएवढे वेल्ड) मारायला सांगावे, नाहीतर अँगल पीळ खातो. या पट्टीतून १२ मिमीचा बोल्ट पाट्यात जातो. पट्टी आणि पाटा यांच्यामध्ये पुरेसे जाड वॉशर घालावे, म्हणजे चाके पाट्याला घासणार नाहीत.

स्केटबोर्डच्या चाकात ६०८ क्रमांकाचे बेअरिंग बसते. त्याचे आतले छिद्र ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी आणि रुंदी ७ मिमी असते. साधा एम-८ बोल्ट त्यात नेमका बसतो. एका चाकात दोन, म्हणजे १६ चाकांत ३२ बेअरिंगे लागतात. आपल्याकडच्या धुळीत दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलीच बेअरिंगे घ्यावीत. पत्र्याच्या झाकणाची बेअरिंगे थोडी हलकी फिरतात, पण नांगरटीच्या शेतात दोन दिवस काम झाले की ती करकरू लागतात. यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे दोन बेअरिंगांच्या मधली लहान नळी. ती सुमारे १० मिमी लांबीची असते आणि अनेक जण ती घालतच नाहीत. ती नसेल, तर नट आवळताच बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि चाक जड फिरते. मग नट सैल ठेवावा लागतो आणि चाक डुलते. ही नळी घालून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा नट) पूर्ण आवळला, की बोटाने फिरवलेले चाक बराच वेळ निवांत फिरत राहते, आणि तरीही हाताने हलवून पाहिले तर अजिबात खेळत नाही.

चाकांच्या कडकपणाच्या मापात (आकडा जितका मोठा तितके चाक कडक) ७८ए ते ८७ए हा मऊ पट्टा आवाज कमी करतो. ९९एच्या आसपासची कडक चाके कमी ताकदीत पळतात, पण नळीवरचा प्रत्येक कण ऐकवतात. थेट ध्वनिमुद्रण असेल तर मऊ चाकेच घ्यावीत. मऊ चाके रात्रभर भाराखाली उभी राहिली तर एका जागी चपटी होतात, म्हणून मोठ्या विश्रांतीत ट्रॉली ट्रॅकवरून उचलून उलटी ठेवावी.

एक बारकावा येथेच सांगायला हवा. दोन्ही बाजूंच्या बोग्या घट्ट बसवल्या, तर ट्रॅकची रुंदी कुठे तीन-चार मिमी कमी-अधिक झाली तरी ट्रॉली अडकते. म्हणून एका बाजूच्या बोग्यांसाठी पाट्यात गोल छिद्राऐवजी एक-दीड सेंमी लांबीची आडवी खाच ठेवावी. एक बाजू ट्रॉलीला दिशा देते आणि दुसरी फक्त भार वाहते.

ट्रॅक मांडणे

स्लीपर लाकडाचे, ९० सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद असावेत. नळीसाठी त्यावर उथळ खाच करावी, परंतु खाचेच्या कडा नळीच्या मध्यरेषेच्या बऱ्याच खाली राहाव्यात, कारण चाकांची खालची कड जवळजवळ मध्यापर्यंत उतरते. नळीला खालून नट वेल्ड करून स्लीपरमधून बोल्ट लावावा. वरून क्लॅम्प लावता येत नाही. स्लीपरमधील अंतर ७५ सेंमीपेक्षा जास्त नसावे. आधारांतील अंतर निम्मे केले, की झोळ आठव्या भागावर येतो. त्यामुळे महाग नळी घेण्यापेक्षा दोन स्लीपर वाढवणे केव्हाही स्वस्त पडते.

प्रत्यक्ष जागेवर पुढील क्रम पाळावा. प्रथम दिग्दर्शक आणि कॅमेरामन यांच्याकडून कॅमेऱ्याची सुरुवातीची आणि शेवटची जागा नक्की करून घ्यावी आणि त्या रेषेवर दोरी ताणावी. दोरीच्या बाजूने गवंड्याच्या पाणी भरलेल्या लेव्हल नळीने किंवा लांब पाणसळीने जमिनीचा सर्वांत उंच बिंदू शोधावा. मांडणीची सुरुवात त्या बिंदूवरूनच होते. त्या ठिकाणचा स्लीपर जमिनीवर ठेवून उरलेले सर्व स्लीपर गुटके (लाकडी ठोकळे) आणि पाचरी लावून त्याच्या पातळीला वर आणावेत. मध्येच कुठून तरी सुरुवात केली, तर पुढे उंचवटा आल्यावर जमीन खोदण्याची किंवा सगळे पुन्हा उचलण्याची पाळी येते.

पाचर नेहमी नळीच्या बरोबर खाली बसवावी, स्लीपरच्या मध्यावर नाही. एकच पाचर घातली तर स्लीपर एका कडेवर टेकतो. दोन पाचरी समोरासमोरून एकमेकींवर सरकवल्या, तर वरचे पृष्ठ सपाटच राहते आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने उंची मिमीमिमीने वाढवता येते. आधी एक नळी लांबीच्या दिशेने पातळीत आणावी, मग तिच्यावरून आडवी पाणसळ ठेवून दुसरी नळी जुळवावी. रुंदी मोजण्यासाठी टेप वापरण्याऐवजी नेमक्या मापाची काठी कापून ठेवावी आणि ती प्रत्येक स्लीपरवर फिरवावी. ट्रॅक लांबीच्या दिशेने थोडा उताराचा चालतो, कधी कधी तो हवाच असतो. आडव्या दिशेने मात्र तो अर्धा अंशही कललेला चालत नाही, कारण क्षितिज कललेले लगेच दिसते. उतारावर ट्रॉलीला मागून दोर बांधून एका माणसाने तो धरावा.

काळ्या जमिनीत ही मांडणी अधिक काळजीची होते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि वरची ढेकळे भार येताच चुरतात. पावसानंतर तीच जमीन फुगते आणि स्लीपर हळूहळू खाली जातात. दोन्ही वेळा प्रत्येक आधाराखाली किमान ३० बाय ३० सेंमीचा प्लायचा तुकडा घालावा आणि पाचरी त्यावर रचाव्यात. मांडून झाल्यावर भरलेली ट्रॉली चार-पाच वेळा पुढे-मागे न्यावी, म्हणजे बसायची ती माती बसते, आणि मग पुन्हा पाणसळ लावावी. ही दुसरी तपासणी वगळली की तिसऱ्या टेकला हमखास धक्का दिसतो. ज्वारीच्या धसकटांत ट्रॅक टाकताना धसकटे विळ्याने जमिनीलगत कापावीत, ती दाबून वर स्लीपर ठेवू नयेत, कारण दाबलेले धसकट स्प्रिंगप्रमाणे उसळते.

जुन्या वाड्यांत उंबरा ही खरी अडचण आहे. उंबरा वीतभर उंच असेल आणि ट्रॅक त्यावरून न्यायचा असेल, तर सगळाच ट्रॅक तेवढा वर घ्यावा लागतो आणि बुटकेपणाचा हेतूच संपतो. अशा वेळी ट्रॅक ढाळजेच्या बाजूला ठेवून कॅमेरा पाट्याच्या पुढे निघालेल्या आडव्या दांड्यावर लावावा आणि मागे वाळूची पिशवी ठेवून तोल साधावा. फक्त कॅमेरा उंबऱ्यापलीकडे जातो. दिग्दर्शक ऐकत असेल, तर शॉट उंबऱ्याशीच थांबवणे याहून सोपे. चौकटीची रुंदी मात्र आदल्या दिवशीच मोजून घ्यावी. शहाबादी फरशी सपाट असली तर ट्रॅकशिवाय मऊ चाकांवर पाटा सरकवण्याचा मोह होतो, पण फरशीचे सांधे चित्रात दिसतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर प्लायखाली सतरंजी अंथरावी, म्हणजे घरच्यांना पुन्हा सारवावे लागत नाही.

वेरूळ, अजिंठा, दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा ही केंद्रीय संरक्षित स्मारके असल्याने तेथील चित्रीकरणाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी लागते. अर्जात ट्रॅक आणि ट्रॉलीचा स्पष्ट उल्लेख करावा. नुसता कॅमेरा लिहिला, तर ऐनवेळी प्रवेशद्वारावर सामान अडते. दगडी पृष्ठावर पाचर ठोकू नये. ट्रॅकखाली रबरी पट्ट्या टाकाव्यात आणि उंची गुटक्यांच्या थरांनीच जुळवावी.

शॉट घेताना

ट्रॅक ३ मीटरचा असला तरी वापरता येणारी चाल तेवढी नसते. ६० सेंमीचा पाटा आणि दोन्ही टोकांना १५-१५ सेंमीची सुरक्षित जागा वजा केली, तर २.१ मीटर उरतात. वेग घ्यायला आणि सोडायला ३०-३० सेंमी जातात. उरलेल्या दीड मीटरमध्ये १० सेकंदांचा शॉट हवा असेल, तर वेग सेकंदाला १५ सेंमी येतो. हा हिशेब कॅमेरामनला आधीच सांगावा, म्हणजे ट्रॅक वाढवायचा की शॉट छोटा करायचा, हे मांडणीपूर्वीच ठरते. दोन्ही टोकांना नळीवर अडथळ्याचे क्लॅम्प लावल्याशिवाय कॅमेरा चढवू नये.

ढकलणाऱ्याने दोन्ही हात पाट्याच्या कडेवर खाली ठेवून, कोपरे शरीराशी धरून, पायांनी चालावे. नुसत्या हातांनी ढकलले की वेग तुटक होतो. ट्रॅकच्या बाजूने चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात आणि फोकस पुलरने (चालत्या शॉटमध्ये फोकस जुळवणाऱ्याने) त्याच खुणांवर अंतरे लिहावीत. इतक्या बुटक्या पाट्यावर माणसाने बसू नये. पाटा वजन पेलेल, पण गुरुत्वमध्य एका कुशीला जाईल आणि बोग्यांवरचा भार असमान होईल.

रुंद भिंगात हादरे लपतात, ८५ मिमी किंवा त्याहून लांब भिंगात ते उघडे पडतात. म्हणून चाचणी नेहमी उपलब्ध असलेल्या सर्वांत लांब भिंगाने घ्यावी: दूरच्या माळवदाची आडवी कड चौकटीत धरून पूर्ण ट्रॅक चालवावा आणि मॉनिटरवर ती कड कुठे उडते ते पाहून त्या जागचा स्लीपर दुरुस्त करावा. हालचाल जाणवण्यासाठी पुढच्या भागात काहीतरी जवळचे हवे. उघड्या माळरानावर दीड मीटर सरकलेला कॅमेरा प्रेक्षकाला स्थिरच वाटतो. तीच चाल कपाशीच्या झाडांआडून किंवा खांबांमधून केली, तर चित्र उलगडत जाते.

ट्रॅक करकरत असेल तर तेल लावू नये, कारण तेलावर धूळ बसून तिची लापशी होते. नळी कोरड्या सुती फडक्याने पुसून टाल्कम पावडरचा हलका हात फिरवावा. ठोके ऐकू येत असतील तर एखादा स्लीपर अधांतरी आहे असे समजावे. तो शोधून खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. दुपारच्या उन्हात पोलादी नळ्या उघड्या हाताने धरवत नाहीत, म्हणून सुती हातमोजे सामानातच ठेवावेत आणि रिकामा ट्रॅक ताडपत्रीने झाकावा.

आवरताना

नळ्यांच्या तुकड्यांवर रंगाने क्रमांक टाकावेत आणि ते नेहमी त्याच क्रमाने जोडावेत, कारण एकत्र घासून बसलेले जोड अदलाबदल केल्यावर पुन्हा उंचसखल होतात. नळ्या वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत भराव्यात. त्या एकमेकींवर आपटल्या तर पडणारा पोचा बोटाला कळतो आणि चाकालाही कळतो. बेअरिंगे पाण्याने धुऊ नयेत. बोगी काढून चाकांवरची माती ब्रशने झाडावी आणि एखादे चाक अडखळत असेल तर त्याचे बेअरिंग दुरुस्त करत न बसता बदलावे. चार सुटी चाके, आठ बेअरिंगे, मूठभर नायलॉक नट आणि १३ नंबरचे दोन पाने एका डब्यात कायम भरलेले असावेत, कारण तालुक्याच्या गावात रविवारी हार्डवेअरचे दुकान उघडे मिळेलच असे नाही.